चाळीस ठिकाणी अर्ज टाकले, एकही रिप्लाय नाही? कव्हर लेटर असं तपासा

फेब्रुवारी लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर तोच मेसेज यायला लागतो. "ताई, चाळीस ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही रिप्लाय नाही, जरा बघतेस का?" आणि खाली कव्हर लेटरची, म्हणजे रेझ्युमेसोबत जाणाऱ्या पत्राची, एक पीडीएफ. ती उघडायच्या आधीच आत काय असणार याचा मला साधारण अंदाज असतो, कारण गेली सहा-सात वर्षं हेच चाललंय. दिवसा मी पुण्यात एका लहानशा कंपनीत अकाउंट्स आणि ॲडमिन बघते, इंटर्न किंवा पार्टटाइम पोरं घ्यायची असली की येणारे मेल मीच उघडते, आणि संध्याकाळी मावस-चुलत भावंडं, त्यांचे रूममेट, रूममेटच्या मैत्रिणी अशी रांग. म्हणजे पाठवणाऱ्याचीही बाजू बघितलीय आणि उघडणाऱ्याचीही. बिघाड बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन.

आधी लक्षण नीट बघा, सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

काहीच उत्तर नाही, "नाही" असंसुद्धा नाही: आधी मेल पोचलाय का ते बघायचं, पत्राला हात लावायचा नाही.

"कृपया रेझ्युमे पाठवा" असं उत्तर आलं, आणि तुमच्या मते तुम्ही तो पाठवलेला होता: फाइल उघडत नाहीये.

फोन येतो पण भलत्याच कामासाठी, अर्ज केला अकाउंट्सला आणि विचारतात टेलिकॉलिंग करणार का: तुम्हाला नक्की काय काम हवंय ते पत्रात कुठेच नाहीये, किंवा तिसऱ्या पॅरात आहे, म्हणजे नाहीच आहे.

इंटरव्ह्यूला बोलावतात, पत्रातलंच एखादं वाक्य वाचून "याबद्दल सांगा" म्हणतात आणि तुमची दातखीळ बसते: पत्र तुमचं नाहीये.

पोर्टलवर अर्ज टाकल्या टाकल्या "नॉट शॉर्टलिस्टेड": हे पत्रामुळे नसतं, तिथे पासिंगचं वर्ष, टक्के, शहर असे फिल्टर लावलेले असतात, त्यात अडकलात. पत्र सोन्याने मढवलं तरी फरक पडणार नाही.

आणि अजून एक, काही ठिकाणी कव्हर लेटर लागतच नाही, तिथे रात्र घालवू नका. विद्यापीठाची कमवा व शिका योजना असेल तर कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे जाऊन फॉर्म भरायचा. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ला आली ती, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीला १० हजार विद्यावेतनाची, तिथेही पोर्टलवर नोंदणी करायची असते. पत्राचा उपयोग आहे तो लहान-मध्यम कंपन्या, सीए-वकील-आर्किटेक्टची ऑफिसं, एनजीओ, स्टुडिओ अशा ठिकाणी, जिथे मेल माणूस उघडतो.

आता तपासणी. सगळ्यात सोप्या आणि फुकटच्या गोष्टीपासून सुरू करूया, कारण पोरं काय करतात, रिप्लाय आला नाही की आधी पत्रच नव्याने लिहायला घेतात आणि खरा दोष असतो ईमेल आयडीत.

मेल पोचला का? (दोन मिनिटं)

सेंट फोल्डर उघडा आणि आयडी एकेक अक्षर जाहिरातीशी ताडून बघा. जाहिरात बहुतेक वेळा कुठल्यातरी ग्रुपवर फोटो म्हणून फिरलेली असते, आयडी हाताने टाइप करावा लागतो, आणि त्या धूसर फोटोत इंग्रजी एल आहे की एक आकडा आहे ते कळत नाही, डॉट इन आहे की डॉट कॉम तेही कळत नाही. मग इनबॉक्समध्ये मेलर-डीमन (mailer-daemon) सर्च करा. परत आलेले मेल तिथे मिळतात. माझ्या एका भाच्याने सव्वीस मेल पाठवले होते त्यातले नऊ परत आलेले, आणि त्याला वाटत होतं कंपन्या माजल्यात.

मग अटॅचमेंट. ड्राइव्हची लिंक टाकली असेल तर ती "रिस्ट्रिक्टेड" वर राहिलीय का बघा. माझ्याकडे असा मेल येतो तेव्हा स्क्रीनवर परवानगी मागायचं पान येतं, मी ती मागत नाही, पुढच्या मेलवर जाते, खोटं कशाला बोलू. जीमेलमध्ये २५ एमबीच्या वर फाइल गेली की ती आपोआप ड्राइव्हची लिंक होते, त्यामुळे कित्येकांना आपण लिंक पाठवलीय हेच माहीत नसतं. आता एका पानाचा रेझ्युमे २५ एमबी होतोच कसा? तर दहावी-बारावीच्या मार्कशीटचे फोटो, जातीचा दाखला, आधार, सगळं एकत्र करून चिकटवलेलं असतं. मागितल्याशिवाय यातलं काहीही पाठवायचं नाही. आधार तर मुळीच नाही, कोण कुठे वापरेल सांगता येत नाही.

परीक्षा सोपी आहे. स्वतःला नाही, मित्राला पाठवा आणि त्याच्या फोनवर उघडून बघा. स्वतःला पाठवली तर लिंक उघडणारच, ती तुमचीच आहे ना.

बाहेरून कसं दिसतं?

हे मी अक्षरशः बघते ते सांगते. सकाळी साडेदहाला चहा घेऊन बसते, इनबॉक्समध्ये एका ओळीत तीनच गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि पत्राचे पहिले सहा-सात शब्द. बस. त्या सहा-सात शब्दांत तीसपैकी पंचवीस जण "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, आय ॲम रायटिंग धिस..." लिहितात. एकाखाली एक, जणू एकाच माणसाने पंचवीस वेळा पाठवलंय. नाव कधी "कूल बॉय", कधी वडिलांचं कारण आयडी त्यांच्या फोनवर काढलेला. विषय रिकामा, किंवा नुसतं "जॉब".

विषयात काम, तुमचं नाव आणि कधीपासून येऊ शकता एवढं टाका. फाइलला स्वतःचं नाव द्या, "रेझ्युमे फायनल फायनल २" नको. वर्डची फाइल पाठवू नका, फोनवर उघडली की ओळी इकडच्या तिकडे होतात. आणि कव्हर लेटर मेलच्या बॉडीतच लिहा, वेगळी फाइल मागितली असेल तरच वेगळी. रिकाम्या मेलला दोन फाइली लटकवून नुसतं "पीएफए" (प्लीज फाइंड अटॅच्ड) लिहिलेलं असलं की आधी कुठली उघडायची हे मलाच ठरवावं लागतं, मी रेझ्युमे उघडते, आणि तुमचं पत्र तसंच राहतं.

दुसऱ्याचं नाव राहिलंय का?

हसू नका, दरवर्षी होतं. आम्ही पंपाचे सुटे भाग विकतो आणि आमच्याकडे पत्र आलं की लहानपणापासून मला "आपल्या नामांकित बँकेत" काम करायची इच्छा आहे. मुलगी चांगली असेलही, पण ऑफिसात दिवसभर तेच चाललं होतं, पंप बँक.

नावं बदलली तरी एक खूण राहतेच, फॉन्टची. मधलीच एक ओळ वेगळ्या फॉन्टात, मागे फिकट करडा पट्टा, म्हणजे ती कुठूनतरी उचलून चिकटवलीय हे लांबूनही दिसतं. पेस्ट करताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, फॉरमॅटिंग येत नाही. आणि पाठवायच्या आधी जुन्या कंपनीचं नाव कंट्रोल-एफने शोधा. खर्च शून्य.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता पत्राकडे. इथून पुढे मेहनत आहे.

पत्र आहे की विनंती अर्ज?

माझ्या मते मूळ दुखणं हे आहे, आणि त्यात पोरांची चूक फार नाही. आपण सगळे शाळेत पत्रलेखन शिकलो ते मार्कांसाठी. डाव्या बाजूला प्रति, मग विषय, मग "महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की", शेवटी "कळावे, आपला आज्ञाधारक". रजा हवी, बोनाफाइड हवं, पाण्याची लाइन दुरुस्त करून हवी, सगळ्यासाठी तोच साचा. त्यात आपण मागणारे आणि समोरचा देणारा. मग बावीस वर्षांचा मुलगा नोकरीसाठी पत्र लिहायला बसतो तेव्हा इंग्रजीत लिहिलं तरी हात तोच साचा गिरवतो: मला संधी द्यावी, मला शिकायचंय, माझ्या करिअरला दिशा मिळेल, मी आपला आभारी राहीन. सगळं पत्र मला-माझं-मी. वाचणाऱ्याच्या टेबलावर जी कामं पडलीयत त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

आता माझ्या बाजूने बघा. मला इंटर्न का हवाय? जीएसटीच्या रिटर्नच्या आधी बिलं लावायला कुणीतरी पाहिजे म्हणून. तुम्हाला शिकायला मिळेल हे छानच आहे, पण मी त्यासाठी मेल उघडत नाहीये. मला पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे की हे पोरगं बिलं लावू शकेल का.

तपासायची पद्धत: पत्र छापून घ्या किंवा फोनवरच, आणि जिथे जिथे तुम्ही काहीतरी मागताय तिथे खूण करा, जिथे काहीतरी देताय तिथे दुसरी खूण. मागण्याच्या खुणा जास्त निघाल्या तर तो विनंती अर्ज आहे. "हार्डवर्किंग", "सिन्सिअर", "क्विक लर्नर" याला देण्याची खूण करायची नाही. ती सगळ्यांच्याच पत्रात असतात, आणि आळशी माणूससुद्धा तेच लिहितो.

हेही सांगते की नम्रपणा काढून टाका असं मी म्हणत नाहीये. एका मुलाला मी हे सांगितलं आणि त्याने दुसऱ्या टोकाला जाऊन लिहिलं की तुमच्या कंपनीला माझ्यासारख्याची गरज आहे. अरे बाबा. साधं लिही, काय येतं, कुठे केलंय, कधी येऊ शकतोस.

"अनुभवच नाही, काय लिहू?"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय आणि ते जवळजवळ कधीच खरं नसतं. एक उदाहरण सविस्तर सांगते.

सातारा जिल्ह्यातली मुलगी, पुण्यात बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला, सीएच्या ऑफिसात पार्टटाइम काम शोधत होती. पत्रात लिहिलेलं: आय ॲम अ फ्रेशर, मला अकाउंटिंगची आवड आहे, टॅली येतं. मी विचारलं घरी काय करतात. म्हणाली दूध संकलन केंद्र आहे. रजिस्टर कोण ठेवतं? "मीच ठेवायचे ताई, अकरावीपासून, पण ते काय काम आहे का, घरचंच आहे." मग हळूहळू बाहेर आलं की सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांच्या नोंदी, सत्तरेक खातेदार, दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल, त्यातून पशुखाद्याची उचल वजा करायची, आणि कुणी भांडायला आला की माझे दोन लिटर कमी कसे लागले, तर त्याच्यासमोर वही उघडून हिशोब जुळवून दाखवायचा. सत्तर जणांची खाती, दर दहा दिवसांनी क्लोजिंग! सीएला आणि काय पाहिजे असतं?

पत्राचा मधला पॅरा आम्ही असा केला, इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगते: "गावी आमच्या दूध संकलन केंद्राचे सत्तर खातेदारांचे हिशोब मी तीन वर्षं ठेवले. रोज दोन वेळच्या नोंदी आणि दर दहा दिवसांनी उचल वजा करून बिलं, सुरुवातीला वहीत आणि नंतर एक्सेलमध्ये. टॅलीवर खरेदी-विक्रीच्या एन्ट्री आणि बँकेचा ताळमेळ करता येतो, जीएसटी पुस्तकात शिकलेय पण प्रत्यक्ष रिटर्न भरलेलं नाही. सोमवार ते शनिवार दुपारी दोननंतर येऊ शकते, परीक्षेचे दोन आठवडे सोडून." बघा, फुशारकी एक नाही. आणि जे येत नाही तेही लिहिलंय, त्याला घाबरू नका, त्यामुळे बाकीचं खरं वाटतं.

असंच गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशोब, एनएसएसच्या कॅम्पात शंभर जणांच्या जेवणाची व्यवस्था, काकांच्या मेडिकलमध्ये एक्सपायरीच्या तारखा बघणं, कॉलेजच्या फेस्टला स्पॉन्सर शोधत फिरणं, सगळं चालतं. अट एवढीच की जाहिरातीतल्या कामाशी त्याचा धागा जुळला पाहिजे. म्हणून आधी जाहिरात घ्या, त्यात मागितलेल्या तीन गोष्टी अधोरेखित करा, आणि प्रत्येकीसमोर पत्रातली एक ओळ बोटाने दाखवता येते का बघा. दोन सापडल्या तरी पाठवा. एकही नाही सापडली तर पत्राचा प्रश्न नाहीये, तुम्ही चुकीच्या जागी अर्ज करताय.

वेळेची ओळ विसरू नका, ती जवळजवळ सगळेच विसरतात. विद्यार्थी घेताना समोरच्याची पहिली धास्ती हीच की परीक्षेला गायब होणार, लेक्चरच्या वेळा आडव्या येणार. स्वतःहून सांगून टाकलं की धास्ती संपते. परदेशात शिकणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे. जर्मनीत २०२४ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, ब्रिटनमध्ये डिग्री करणाऱ्यांना टर्म चालू असताना साधारणपणे आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. तिथल्या लहान कॅफेच्या मालकाला ते नियम तोंडपाठ असतीलच असं नाही, तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंत की त्याचं काम सोपं होतं.

पत्र तुमचं आहे का?

एआयकडून लिहून घेतलेलं ओळखू येतं का, असं सगळे विचारतात. एकटं पत्र आलं तर कदाचित नाही येणार, पण एका जाहिरातीवर चाळीस येतात आणि त्यातली पंधरा "आय ॲम थ्रिल्ड" ने सुरू होतात, मग काय कळायचं राहतं. वापरायचंच असेल तर शुद्धलेखनाला आणि व्याकरणाला वापरा, मजकूर तुमचा द्या. कसोटी: पत्र आईला किंवा रूममेटला मोठ्याने वाचून दाखवा. जे वाक्य तोंडातून निघताना लाज वाटते किंवा जीभ अडखळते ते उडवा, कारण इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारतात.

लांबी, दीडशे ते अडीचशे शब्द, फोनवर दोनदा अंगठा सरकवला की संपलं पाहिजे. भाषा, जाहिरात ज्या भाषेत त्या भाषेत. मराठी जाहिरातीला मराठीत लिहिलं म्हणून कुणी कमी समजत नाही, एमआयडीसीतल्या कितीतरी मालकांना ते उलट बरं वाटतं. "मायसेल्फ अमुक तमुक" आणि "डू द नीडफुल" मात्र काढाच.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

वरचं सगळं करून, नीट जुळवून, पंधरा-वीस पत्रं पाठवली, प्रत्येकाला आठवड्याने एक आठवण पाठवली आणि तरीही शांतता, तर पत्र घासत बसू नका. दोष रेझ्युमेत, स्किलमध्ये किंवा त्या क्षेत्रात सध्या जागाच नाहीत यात आहे, आणि ते मला सांगता येत नाही. कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरला भेटा, किंवा ज्या क्षेत्रात जायचंय तिथे दोन वर्षं काम केलेल्या सीनियरला एक चहा पाजा. सीनियर शक्यतो त्याच क्षेत्रातला धरा, माझ्यासारखी अकाउंट्सवाली डिझायनरचा पोर्टफोलिओ बघून काय कप्पाळ सांगणार.

व्हिसाच्या तासांबद्दल शंका असेल तर ग्रुपवर विचारू नका, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. तास चुकले तर व्हिसावर बेततं.

बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, सही करायला सांगतायत किंवा ओरिजनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणतायत तर सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखवा. ओरिजनल देऊ नकाच.

आणि पत्राला उत्तर आलं, अगदी झटकन आलं, सिलेक्शन झालंय, फक्त रजिस्ट्रेशनचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे हजार-दोन हजार भरा, तर तिथेच थांबा. नोकरी देणारा पैसे मागत नाही. भरून बसला असाल तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात, तक्रार सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही करता येते.

शेवटचं, काही जण माझ्याकडे पत्र घेऊन येतात आणि बोलता बोलता कळतं की महिनाभर झोप नाही, जेवण नाही, मेल उघडायचीच भीती वाटतेय. तिथे मी पत्र बाजूला ठेवते. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जुलैपर्यंत पत्र थांबलं तरी चालेल.

बाकी ज्यांना माझ्याकडून बघून हवंय त्यांनी पत्रासोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉटही पाठवा. नुसतं पत्र पाठवून "कसं वाटलं?" विचारू नका, जाहिरात बघितल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. आणि मार्चएंडला पाठवू नका, तेव्हा मी माझीच बिलं लावत असते.